लाइट आली, पण टॅली नाही आली: रीस्टार्टनंतर व्हर्च्युअल मशीन नेटवर्कवरून गायब होते तेव्हा

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचा बिघाड हाच आहे का ते लगेच कळेल. लिनक्सचा एक सर्व्हर आहे, त्यावर केव्हीएममध्ये (एका कॉम्प्युटरात दुसरे आभासी कॉम्प्युटर चालवायची लिनक्समधली सोय) एक-दोन व्हर्च्युअल मशीन चालतात. त्या ब्रिजवर आहेत, म्हणजे ऑफिसातल्या इतर कॉम्प्युटरांच्याच रांगेतला आयपी त्यांना असतो. सर्व्हर रीस्टार्ट झाला की कधी सगळं नीट चालतं, कधी मशीनपर्यंत कुणीच पोचत नाही. सर्व्हरवरून मात्र त्याच मशीनला पिंग लागतो. कन्सोल उघडला तर मशीन जिवंत असते. पुन्हा रीस्टार्ट केलं तर कधी जमतं, कधी नाही. आणि त्याच सर्व्हरवर डॉकरही (प्रोग्राम 'कंटेनर' नावाच्या वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं सॉफ्टवेअर) बसवलेलं आहे. एवढं जुळत असेल तर पुढचं सगळं वाचा. डॉकर नसेल तर थेट शेवटच्या भागाकडे जा, तिथे अशीच दिसणारी दुसरी कारणं आहेत.

हा सर्व्हर माझ्या मामाच्या ऑफिसातला. इंदुरात रामबागेत त्याचं कर-सल्ल्याचं छोटं ऑफिस आहे, सहा टेबलं. सर्व्हरवर उबंटू आणि त्यात दोन मशीन: एक विंडोजची, तिच्यात टॅली आहे आणि सगळे रिमोट डेस्कटॉपने तिच्यात शिरतात, दुसरी लिनक्सची, फायली ठेवायला. जुलैत तिथे कुणाला मान वर करायला फुरसत नसते. ११ तारखेला जीएसटीआर-१, २० ला ३बी, ३१ ला आयकराची रिटर्नं. आणि माळव्यात पाऊस लागतो तोही याच दिवसांत. लाइट जाते, येते, परत जाते. यूपीएस वीस मिनिटं तग धरतो, मग सर्व्हर रीतसर बंद होतो आणि लाइट आली की आपला आपण उठतो. पण दोन-तीन वेळांतून एकदा उठल्यावर टॅली उघडायची नाही. सकाळी साडेनऊला मामाचा फोन यायचा, "अरे, लाइट आली, पण टॅली नाही आली. येतोस का?" राजेंद्र नगरहून मी भिजत पोचेपर्यंत सहा माणसं नुसती बसून असायची. त्यांचा तो वेळ रात्री घरी जायच्या वेळेतून कापला जायचा, हे मला फार लागायचं.

तीन चुकीचे संशय

पहिला संशय राउटरवर गेला. कन्सोलवर विंडोज मशीनचा आयपी १६९.२५४ ने सुरू होणारा दिसत होता. डीएचसीपीकडून (राउटरमधली आयपी वाटणारी सोय) उत्तर आलं नाही की विंडोज स्वतःला असा पत्ता देतं. त्यावरून मी ठरवून टाकलं की राउटर पत्ते वाटत नाहीये. मशीनला पक्का आयपी दिला, १९२.१६८.१.२०. फरक शून्य. बाकीच्या कॉम्प्युटरांना त्याच राउटरकडून पत्ते मिळत होते, हे तेव्हाच ध्यानात घ्यायला हवं होतं.

दुसरा संशय विंडोजच्या फायरवॉलवर. नेटवर्कची ओळख न पटल्यामुळे विंडोजने नेटवर्क 'पब्लिक' ठरवलं होतं, आणि तशा नेटवर्कवर विंडोज बाहेरून आलेल्या पिंगला उत्तर देत नाही. इथे पुष्कळ जण फसतात. विंडोज मशीनला पिंग लागत नाही याचा अर्थ ती पोचण्यापलीकडे आहे असा नव्हे. रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट ३३८९ उघडं आहे का ते पाहणं जास्त भरवशाचं. पॉवरशेलमधल्या 'टेस्ट-नेटकनेक्शन'ने ते लगेच कळतं. मी पिंगला परवानगी देणारा नियम सुरू केला, तेव्हा सर्व्हरवरून पिंग लागू लागला, पण टेबलांवरून ना पिंग, ना ३३८९. सगळ्यात मोठा धागा त्याच क्षणी हातात आला होता. घाईत तो सुटला.

तिसरा संशय स्विचवर. जेल रोडवर जाऊन आठ पोर्टचा नवा गिगाबिट स्विच आणला, लावला, सर्व्हर रीस्टार्ट केला आणि सगळं सुरळीत! आठ दिवस आम्ही जुन्या स्विचलाच दोषी धरून होतो. नवव्या दिवशी लाइट गेली आणि टॅली पुन्हा गायब.

त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की आमच्या प्रत्येक उपायाच्या शेवटी एक रीस्टार्ट होता. रीस्टार्टनंतर मशीन दिसणं-न दिसणं हेच मुळात अनिश्चित होतं, त्यामुळे त्याआधी जे काही केलं असेल त्याला फुकटचं श्रेय मिळत होतं. शिवाय रीस्टार्टबरोबर बिघाडाच्या सगळ्या खुणा पुसल्या जात होत्या. मी मामाला म्हटलं, "मामा, पुढच्या वेळी मला तासभर दे. मी येईपर्यंत कुणीही बटणाला हात लावायचा नाही." मुदत तोंडावर असताना एक तास मागणं सोपं नव्हतं, पण त्याने दिला.

पॅकेट कुठे अडतं ते पाहणं

बिघडलेल्या अवस्थेत पहिलं काम तिसऱ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर केलं. आर्प म्हणजे कुठला आयपी कुठल्या नेटवर्क कार्डाकडे आहे ते विचारण्याची पद्धत. 'आर्प -डी'ने जुनी नोंद पुसली, १.२० ला पिंग केला, तो अर्थात लागला नाही, आणि लगेच 'आर्प -ए' पाहिलं. यादीत १.२० समोर मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) आलेला होता आणि तो ५२:५४:०० ने सुरू होत होता. केव्हीएमच्या मशीनचा मॅक सहसा असाच सुरू होतो. म्हणजे "१.२० कोण आहे?" हा प्रश्न टेबलावरून निघून व्हर्च्युअल मशीनपर्यंत गेला होता आणि तिचं उत्तर परत आलं होतं. वायर, स्विच, सर्व्हरचं कार्ड, ब्रिज, मशीनचं आभासी कार्ड, सगळं एका झटक्यात निर्दोष ठरलं. वायरला आर्प कुठलं आणि आयपी कुठलं यातला फरक कळत नसतो. आर्प जातं आणि आयपी जात नाही, म्हणजे मध्ये कुणीतरी पॅकेट उघडून वाचतंय आणि अडवतंय.

मग सर्व्हरवर दोन खिडक्या उघडून दोन्हींत टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्राम) लावलं. एक खऱ्या कार्डावर, दुसरं 'व्हीनेट०' वर, म्हणजे मशीनच्या आभासी कार्डाच्या सर्व्हरकडच्या टोकावर. टेबलावरून पिंग चालू ठेवला. पहिल्या खिडकीत दर सेकंदाला एक विनंती आत येताना दिसत होती. दुसरीत फक्त आर्प. पिंगचं एकही पॅकेट तिथे पोचत नव्हतं. ते सर्व्हरच्या आत, ब्रिज ओलांडतानाच नाहीसं होत होतं.

ब्रिज म्हणजे सॉफ्टवेअरमधला स्विच. त्याने आयपीकडे बघायचंच नसतं. पण लिनक्समध्ये 'बीआर-नेटफिल्टर' नावाचं एक मॉड्यूल आहे. ते लोड झालं की ब्रिजवरून इकडून तिकडे जाणारी आयपी पॅकेटंही आयपीटेबल्सच्या, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलच्या, फॉरवर्ड चेनमधून (पुढे पाठवायच्या पॅकेटांसाठीच्या नियमांची साखळी) जायला लागतात. आर्पला आयपीटेबल्स हात लावत नाही, म्हणून ते सुखरूप जात होतं. आणि सर्व्हर स्वतः मशीनशी बोलतो तेव्हा ती पॅकेटं फॉरवर्ड होत नसतात, ती सर्व्हरची स्वतःची असतात आणि आउटपुट-इनपुट या वेगळ्या चेनमधून जातात. म्हणून सर्व्हरवरून पिंग लागत होता. इतके दिवस न जुळणारी सगळी लक्षणं इथे एका ओळीत येऊन बसली.

खात्री करायला 'आयपीटेबल्स -एल फॉरवर्ड -व्ही -एन' चालवलं (यातला एल मोठा). पहिल्याच ओळीत पॉलिसी ड्रॉप, म्हणजे कुठल्याच नियमात न बसलेलं पॅकेट टाकून द्यायचं, आणि शेजारी अडवलेल्या पॅकेटांचा आकडा. दहा सेकंदांनी परत पाहिलं, आकडा वाढलेला. टेबलावरचा पिंग थांबवला, वाढ जवळजवळ थांबली. 'आयपीटेबल्स -पी फॉरवर्ड ॲक्सेप्ट' दिलं (पी मोठा) आणि त्याच सेकंदाला पिंग लागला. बाहेरच्या खोलीतून ऑफिसातल्या एका ताईंचा आवाज आला, "आली, आली!"

मग कधी चालतं आणि कधी नाही, ते का?

सगळ्यात जास्त वेळ मला या प्रश्नाने घेतला. फॉरवर्डची पॉलिसी ड्रॉप कुणी केली? ऑफिसात कुणीच आयपीटेबल्सला हात लावलेला नव्हता.

फेब्रुवारीत आम्ही त्याच सर्व्हरवर डॉकर बसवलं होतं, स्कॅन केलेले कागद शोधता यावेत म्हणून. कंटेनरांना बाहेरच्या जगाशी बोलता यावं यासाठी डॉकरला लिनक्सचं आयपी फॉरवर्डिंग सुरू असावं लागतं. डॉकर उठताना ते बंद सापडलं तर डॉकर ते सुरू करतं, आणि त्याच वेळी फॉरवर्ड चेनची पॉलिसी ड्रॉप करतं. हा त्यातला दोष नाही, मुद्दाम घेतलेली खबरदारी आहे: फॉरवर्डिंग सुरू झालं की तुमचा सर्व्हर कुणाचीही पॅकेटं पुढे ढकलू शकतो, तर तो दरवाजा आपणच उघडला म्हणून आपणच त्यावर पहारा बसवायचा. २०१७ च्या सुरुवातीला आलेल्या १.१३ आवृत्तीपासून हे असंच आहे. पण फॉरवर्डिंग आधीच सुरू असेल, तर डॉकर पॉलिसीला हात लावत नाही.

आणि फॉरवर्डिंग सुरू करणारा आणखी एक जण त्याच सर्व्हरवर आहे: लिबव्हर्ट, केव्हीएमच्या मशीन सांभाळणारं सॉफ्टवेअर. त्याचं 'डिफॉल्ट' नावाचं नॅटचं, म्हणजे मशीनना सर्व्हरच्या आयपीमागे ठेवून बाहेर नेणारं, नेटवर्क (१९२.१६८.१२२ वालं) सुरू होताना तेही फॉरवर्डिंग चालू करतं. आमच्या मशीन ब्रिजवर असल्या तरी ते नेटवर्क मागे आपोआप सुरू होत होतं.

आता बूटच्या वेळचं चित्र बघा. डॉकर आणि लिबव्हर्ट जवळजवळ एकाच वेळी उठतात आणि आधी कुणी उठायचं हे कुठेही लिहिलेलं नाही. लिबव्हर्ट आधी पोचलं तर फॉरवर्डिंग चालू, मग डॉकरला ते चालूच सापडतं, पॉलिसी ॲक्सेप्टच राहते, टॅली उघडते. डॉकर आधी पोचलं तर पॉलिसी ड्रॉप आणि टॅली बंद. आमचं नशीब दर वेळी या शर्यतीवर ठरत होतं. जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमच्या नोंदवहीत, मागच्या बूटांच्या नोंदी असतात ('जर्नलसीटीएल'ला 'लिस्ट-बूट्स' विचारा). ज्या दिवशी मामाचा फोन आला होता त्या दिवसांच्या वेळा मी एकेक करून ताडून पाहिल्या. त्या प्रत्येक बूटमध्ये डॉकर पुढे होतं.

यावरून फेब्रुवारीतलं कोडंही सुटलं. डॉकर बसवलं त्या दिवशी काहीच बिघडलं नव्हतं, कारण सर्व्हर आधीच चालू होता, लिबव्हर्ट उठलेलं होतं, फॉरवर्डिंग सुरू होतं. उन्हाळाभर सर्व्हर बंदच झाला नाही. पहिला खरा रीस्टार्ट जूनच्या पावसात. चार महिन्यांपूर्वी केलेल्या कामाशी त्या सकाळचा संबंध कुणाच्या डोक्यात यावा?

उपाय, आणि तोही एकदा उलटला

फॉरवर्डची पॉलिसी हाताने ॲक्सेप्ट करणं हा ती सकाळ निभावण्यापुरता उपाय. रीस्टार्टला तो पुसला जातो. तो स्क्रिप्टमध्ये घालून कायमचा करावा असं मला वाटत नाही, कारण त्यामुळे डॉकरने लावलेला पहारा आपण पूर्णच काढून टाकतो.

नेमका उपाय असा की ब्रिजवरची वाहतूक आयपीटेबल्सकडे पाठवायचीच नाही. त्यासाठी कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) 'नेट.ब्रिज.ब्रिज-एनएफ-कॉल-आयपीटेबल्स' ही किंमत ० करायची, तिच्याच जोडीच्या आयपी६टेबल्स आणि आर्पटेबल्स या दोन किमतीही. मी या तीन ओळी 'सिससीटीएल.डी' फोल्डरमध्ये नव्या फाइलीत लिहिल्या, लागू केल्या, पॉलिसी मुद्दाम ड्रॉप करून पाहिली. मशीन दिसत राहिली. समाधानाने घरी गेलो. पाचव्या दिवशी परत फोन.

फाइल जागेवर होती, ओळी बरोबर होत्या, पण किंमत विचारली तर १. इथे मी बराच वेळ अडलो, म्हणून हे नीट सांगतो. बूटच्या वेळी सिससीटीएलच्या फाइली फार लवकर वाचल्या जातात. तेव्हा बीआर-नेटफिल्टर मॉड्यूल लोडच झालेलं नसतं. कर्नल ३.१८ पासून ते ब्रिजपासून वेगळं काढलेलं आहे. मॉड्यूल नाही, तर त्या नावाची किंमतही अस्तित्वात नाही. त्या ओळी काही न करता ओलांडल्या जातात. थोड्या वेळाने डॉकर उठतं, मॉड्यूल लोड करतं, आणि मॉड्यूल आपली मूळ किंमत, म्हणजे १, घेऊन येतं. मी दुपारी करून पाहिलं तेव्हा मॉड्यूल आधीच लोड झालेलं होतं, म्हणून माझी चाचणी पास झाली.

मग 'मॉड्यूल्स-लोड.डी' फोल्डरमध्ये एक फाइल केली, तिच्यात मॉड्यूलचं नुसतं नाव, रोमनमध्ये, मध्ये अंडरस्कोर देऊन. सिस्टमडी (बूटच्या वेळी सगळं क्रमाने उठवणारा प्रोग्राम) या यादीतली मॉड्यूलं आधी लोड करतं आणि सिससीटीएल नंतर चालवतं, हा क्रम पक्का आहे. म्हणजे किंमत ० होते आणि नंतर आलेल्या डॉकरला मॉड्यूल तयारच सापडतं.

या वेळी मी चाचणी खरी केली. रविवारी दुपारी ऑफिस बंद असताना सर्व्हर दहा वेळा रीस्टार्ट केला, त्यातले दोन वेळा यूपीएसचं बटण बंद करून. प्रत्येक वेळी टेबलावरून ३३८९ पाहिलं आणि सर्व्हरवर ती किंमत. काही बूटमध्ये फॉरवर्डची पॉलिसी ड्रॉपच होती, म्हणजे शर्यत डॉकरने जिंकली होती, तरी मशीन दिसत होती. तुमच्याकडेही तसंच दिसेल. ड्रॉप वाचून घाबरू नका, आता ब्रिजचा त्याच्याशी संबंध उरलेला नसतो.

याची एक बाजू लक्षात असू द्या. ही किंमत ० असली की डॉकरच्या एकाच ब्रिजवरच्या कंटेनरांमधली आपापसातली वाहतूकही आयपीटेबल्सकडे जात नाही. कंटेनर एकमेकांपासून तोडून ठेवायचे असतील तर हा मार्ग घेऊ नका. त्याऐवजी 'डॉकर-यूझर' या चेनमध्ये, ऑफिसच्या ब्रिजवरून येऊन त्याच ब्रिजवर जाणाऱ्या पॅकेटांना ॲक्सेप्ट करणारा एक नियम घाला. ती चेन तुमच्या नियमांसाठीच राखलेली आहे. नियम रीस्टार्टनंतर टिकेल याची सोय मात्र वेगळी करावी लागते.

माझं स्वतःचं मत विचाराल तर व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सर्व्हरवर दुसरं काहीच असू नये. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही डॉकर उचलून एका वेगळ्या लहान मशीनमध्ये ठेवलं. आयपीटेबल्सचं त्याचं सगळं राज्य आता त्या मशीनच्या आतच चालतं.

डॉकर नसेल तर

आर्पची परीक्षा सगळ्यात आधी करा. मॅक आलाच नाही, तर अडचण खालच्या पातळीवर आहे आणि फायरवॉल शोधत बसण्यात अर्थ नाही.

सर्व्हरमध्ये नवं कार्ड किंवा एनव्हीएमई डिस्क घातल्यानंतर नेटवर्क गेलं असेल, तर नेटवर्क कार्डाचं नाव बदललं असण्याची शक्यता मोठी. ही नावं पीसीआयच्या जागेवरून ठरतात. 'ईएनपी३एस०' होतं ते 'ईएनपी४एस०' होतं आणि ब्रिजच्या फाइलीत जुनंच नाव राहतं. अशा वेळी सर्व्हरही नेटवर्कवरून दिसत नाही, मॉनिटर लावूनच बघावं लागतं.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये मशीनचा आयपी १०.०.२.१५ दिसत असेल तर ती नॅटवर आहे. ती बाहेर जाऊ शकते, पण पोर्ट फॉरवर्डिंगशिवाय बाहेरून तिच्याकडे कुणी येऊ शकत नाही. तिथे काही बिघडलेलं नाही, ती रचनाच तशी आहे. ब्रिज निवडा, पण लॅपटॉपच्या वायफायवर ब्रिज करणं शक्यतो टाळा: वायफायचा ॲक्सेस पॉइंट त्याच्याशी जोडलेल्या मॅकचीच पॅकेटं घेतो, मागे लपलेल्या दुसऱ्या मॅकची नाही, त्यामुळे तिथे ब्रिज एक तर चालत नाही किंवा आडवळणाने चालतो.

मशीन थोडा वेळ दिसते, मग गायब, मग परत दिसते, असं असेल तर एकच आयपी दोघांकडे आहे का ते बघा. मशीन बंद करून त्या आयपीसाठी आर्प पाहा. तरीही मॅक आला तर तो दुसरा कुणीतरी आहे. आमच्याकडे एकदा तो प्रिंटर निघाला होता. पक्के आयपी राउटरच्या वाटपाच्या पट्ट्याबाहेरच ठेवा.

आणि एका मशीनची नक्कल करून दुसरी केली असेल, तर मॅक वेगळे असूनही दोघींना राउटर एकच आयपी देऊ शकतो. उबंटू सर्व्हर १८.०४ पासून डीएचसीपीकडे आपली ओळख मॅकवरून नाही, तर 'मशीन-आयडी' फाइलीतल्या क्रमांकावरून सांगतं, आणि नक्कल करताना ती फाइलही तशीच्या तशी येते. दुसऱ्या मशीनमधली ती फाइल रिकामी करून रीस्टार्ट केलं की नवा क्रमांक तयार होतो. किंवा नेटप्लॅनमध्ये (उबंटूची नेटवर्क ठरवायची सोय) डीएचसीपीची ओळख मॅकवरून द्यायला सांगा.